चुन्याची डबी

गाळलेल्या पाण्यात केतकीने लोखंडी खिळा बुडवला. तोही तांबूस होऊन निघाला. म्हणजे जांभ्या दगडाच्या चुरीने आजही पाण्यातलं तांबं धरलं नव्हतं. सासऱ्यांच्या कारखान्यात तांब्याची भांडी आम्लाने उजळतात. ते पाणी असंच ओढ्याला सोडलं, तर सोमवारी तपासणीला येणारे सरकारी लोक कारखान्याला कुलूप लावणार होते.

"कॉलेजात ह्याच चुरीने साध्या पाण्यातलं तांबं धरलं होतं हो," ती रडवेली झाली.

पान चघळत ऐकणाऱ्या सासूबाईंनी वाळलेला चुना निघावा म्हणून आपली डबी समोरच्याच छोट्या बादलीत विसळली.

"आई! तपासायचं पाणी आहे ते!"

"चुनाच तर आहे. एवढं काय?"

चिडून केतकीने तीच बादली चुरीवर ओतली. खाली झिरपलेल्या पाण्यात नवा खिळा घातला. तो जसाच्या तसा काळा निघाला. दुसराही काळाच!

"पाणी आंबट होतं, आई! चुन्याने आंबटपणा मारला, तेव्हा कुठे दगडाने तांबं धरलं!"

"मग? चुन्याशिवाय पान तरी रंगतं का?"

दोन वर्षं 'पान सोडा' म्हणून मागे लागलेल्या सुनेने हसत हात पुढे केला, "मलाही एक लावा."