कोरं कातडं

कातड्याच्या व्यापाऱ्याने टेबलावरच्या मुशीच्या पाठीवरून तळहात फिरवला, शेपटीपासून मानेपर्यंत आणि परत. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"एक ओरखडा नाही, वहिनी! शार्कचं असं कोरं कातडं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळा माल मला ठेवा. दुसऱ्या कुणाला दाखवलात तर कट्टी."

एरवी हा माणूस नाक मुरडल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचा नाही. हे दिवस मुशींच्या जुगण्याचे. नर मादीला धरून ठेवतो तो दातांनी, त्यामुळे या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक मादीची पाठ चावून चावून चाळण झालेली असते. कापणाऱ्या बायकांना तेवढाच विरंगुळा. "हिचा नवरा भलताच प्रेमळ दिसतोय गं," असं एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी सुऱ्या खाली ठेवून हसायचं. यंदा ती सोय राहिली नव्हती. येत होत्या त्या साऱ्या माद्या धुतल्या तांदळासारख्या.

वहिनींनी मुशीचं पोट उभं चिरलं. समोर उभ्या असलेल्या धाकट्या सुनेने आत डोकावून पाहिलं.

"हिचीही पिशवी रिकामीच. बरं झालं बाई. ती पिलं मला बघवत नाहीत."

हे कशाने झालं ते सासूला आता कळून चुकलं होतं. मुशींमध्ये नर एकीकडे फिरतात, माद्या दुसरीकडे. गाठ पडते ती याच दिवसांत. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या मुलाने, नुकताच तांडेल होऊन बोट हाती आली होती तेव्हा, खोल पाण्यात एक जागा शोधून काढली. जाळं टाकावं आणि भरभरून ओढावं, अशी. त्याच्या मागोमाग बंदरातल्या झाडून साऱ्या बोटी तिकडे धावल्या. सबंध हंगाम या टेबलावर नुसते नर आले. त्यावरही बायका हसल्याच होत्या, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच. पोराच्या कौतुकाने तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. मूल शाळा संपवतं तेवढ्या काळात कुठे एक मुशी वयात येते, हे ठाऊक असूनही, असे नर संपले तर पुढे काय, हे तिच्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

तेवढ्यात धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"आई, दादाचा फोन येतोय. त्याच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा धरलीय, आज हो की नाही ते सांगायचंय. मी नाही म्हणतो. पण तू रोज पोटं फाडतेस, तुला कळतं. खरं सांग, मासा आहे ना अजून?"

"ऐका!" व्यापारी म्हणाला. "असा माल सोडून हा परदेशात चालला!"

सून हातातली सुरी तशीच धरून सासूकडे बघत राहिली. थोरला गेला तो बापाच्या मयतीलाच काय तो आला होता, आणि तोही उशिरा. या वयात दुसऱ्याही पोराला निरोप द्यायचा, हे आईच्याने होणार नव्हतं.

"आहे की," ती म्हणाली. "तुझ्या पोराबाळांना पुरून उरेल. जाऊ नकोस कुठे."

धाकटा मोकळं हसला आणि फोन कानाला लावत बाहेर गेला. सुनेचा जीव भांड्यात पडला. ती गुणगुणत कापायला लागली.

आईने पुढची मादी ओढून घेतली. पोटुशी मुशी कापताना जाणत्या बायका हात फार जपून घालतात, कारण पुरी वाढलेली पिलं आतल्या आतच बोटाला कडकडून चावतात. तिने चीर दिली, बाही वर सारली आणि हात थेट कोपरापर्यंत आत घातला. एक तरी असेल. एक तरी.

बाहेर मुलाचं बोलणं संपलं. व्यापारी पुढच्या टेबलाकडे गेला. ती आत चाचपतच होती.