सुकलालचा गळा

सुकलालने थाळी बडवली, तेव्हा कुठे पलीकडच्या काठावरची नाव हलली.

एके काळी थाळी लागत नसे. सुकलाल पाटलाने तापीच्या या काठावरून हाक मारली, की त्या काठावरच्या म्हशी मान वर करायच्या. भिला नावाडी सांगायचा, "मी झोपेल ऱ्हास, पन नाव आपोआप निंघस."

मग १९५५ साली सुकलाल आणि त्याची बायको सरलाबाई मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दोन महिने काढून आली. सुकलालच्या गळ्याला मफलर होता. गळ्याचा कॅन्सर, किरणं दिली, जीव वाचला, आवाज गेला, असं गावाला कळलं. त्या दिवसापासून सुकलाल कुजबुजत होता. याला नऊ वर्षं झाली.

गावाने त्याला फार जपलं. पंगतीत सगळ्यांना वरण-बट्टी आणि मिरचीचा ठेचा. सुकलालपुढे न मागता दूधभात. वाढणारा वर समजूतही घालायचा, "घसाले मऊ लागस, भाऊ." एकदा भिलाने त्याला केळीच्या बागेत लपून भाकरी आणि मूठभर ठेचा खाताना पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खाणं थांबत नव्हतं. भिला कुणाला बोलला नाही. मरणाच्या दारातून आलेला माणूस, खाऊ दे.

सरलाबाईला मात्र कुणी जपलं नाही. नदीवरून घागर सुकलाल आणायचा. कणीकही तोच मळायचा, असं भिंतीपलीकडची दगूबाई शपथेवर सांगे. सरलाबाई भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्यांची चोळी घाले, आणि काचेच्या बांगड्या फक्त उजव्या हातात.

"मुंबई देखी उनी नि मडम व्हई गयी," दगूबाई घाटावर म्हणायची. "नवरा बिमार, नि त्यान्हाच डोकावर घागर! बांगड्या भी एकच हातमा. आतेपासूनच सराव करी ऱ्हायनी वं माय."

बाया हसत. सरलाबाई ऐकून घेई. घागर घेऊन उभ्या सुकलालचे ओठ हलत, पण आवाज काही निघत नसे.

पाच वर्षं दर दिवाळीनंतर दोघं मुंबईला तपासणीला गेली. मग डॉक्टर म्हणाले, आता दरसाल नको. फक्त कुठे गाठ लागली, तर त्याच दिवशी निघा.

गाठ पौषात लागली. भुईमुगाच्या दाण्याएवढी.

नेमकी त्याच महिन्यात धाकट्या पुष्पाची सोयरीक ठरत होती. मुलाचे वडील, लोणखेड्याचे हिंमतराव, घर बघायला आले होते. चहा संपवून त्यांनी विषय काढला.

"सुकलालभाऊ, वाईट वाटाडू नका. बापना रोग बापबरोबर जास, त्यान्ही मले फिकीर नही. पन पोर मायना दूधवर वाढस. माय धडधाकट शे ना?"

सुकलालने बायकोकडे बोट दाखवलं. सरलाबाई पदर सारखा करून उभी राहिली. हिंमतरावांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगाने भरलेली बाई. त्यांनी सुपारी फोडली. म्हसावदला दिलेल्या थोरलीच्या वेळीही हाच प्रश्न आला होता, आणि तेव्हाही सुपारी फुटली होती.

पाहुणे गेल्यावर चुलीपाशी दोघांची जुंपली. एक कुजबुजत होता, म्हणून गावाला फक्त सरलाबाईचं ऐकू आलं.

"वैशाखमा लगन शे. आते मुंबईनं नाव निंघनं ते सोयरा बिचकतीन. पोर सासरले जाऊ दे, मंग जाऊत."

पुन्हा कुजबुज.

"तितला दिनमा कोन्ही मरत नही!"

दगूबाईने हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत पोचवलं. कुणी म्हणालं, काळीज नाही. कुणी म्हणालं, नऊ वर्षं केलं तेवढं पुष्कळ झालं. भिला नावेवरूनच सुकलालला म्हणाला, "भाऊ, मी लई जासू तुले मुंबईले. बाईले इचारू नको." सुकलालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण गेला नाही.

माघ गेला. फाल्गुनात दाण्याची सुपारी झाली. सुकलालने दोनदा पिशवी भरली आणि सरलाबाईने दोनदा ती रिकामी केली. पुष्पाला हळद लागली. लग्नात सुकलाल आपला दूधभात खात बसला. पोर गाडीत बसली, तेव्हा सगळा मांडव रडला; सर्वांत जास्त सरलाबाई रडली. दगूबाई म्हणाली, नवऱ्यासाठी एवढी रडली असती तर!

मग जेठात दोघं निघाली. नावेतून पलीकडे, तिथून बैलगाडीने नंदुरबार, पुढे सुरतेवरून मुंबई. गाडीत सुकलालने एकदाच तोंड उघडलं.

"पौषमाच निंघाले पाहिजे व्हतं."

"पोर सुखी शे," सरलाबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दवाखान्यात डॉक्टर नवीन होते. त्यांनी जुने कागद सावकाश चाळले.

"गाठ केव्हा लागली?"

"पौषात," सुकलाल म्हणाला.

"आणि आज जेठ संपत आला. इतके दिवस काय करत होतात?"

"पोरीचं लग्न होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "लगेच आला असतात, तर काही करता आलं असतं. बघू आता."

नर्सने पडदा ओढला.

"पेशंटचे मालक ना तुम्ही?" ती सुकलालला म्हणाली. "मग बाहेर बसा. बाईंची छाती आणि सुजलेला डावा हात तपासायचाय."