रस्त्याचा आत्मा

ताईचा धाकटा भाऊ गाडीच्या टपावर सायकल बांधून शहरातून यायचा, डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवर तासभर घाम गाळायचा आणि मग तिच्याच अंगणात तंगड्या पसरून तिलाच डोंगर शिकवायचा. तिच्या गावच्या रस्त्याला डांबर मंजूर झालं, तेव्हा या दीडशहाण्याने शहरातल्या सायकलवाल्यांच्या सह्या गोळा करून ते काम बंद पाडलं.

"डांबर टाकलं की रस्त्याचा आत्मा मरतो, ताई. तुला नाही कळायचं ते."

दवाखाना गाठायच्या आधीच ताई ज्या वळणावर जीपमध्ये बाळंत झाली होती, त्याला त्याने आपल्या नकाशात 'स्वर्गाचं वळण' असं झोकदार नावही देऊन टाकलं.

परवा स्वारी त्याच खडीवरून घसरली आणि पाय मोडून बसली. तीच जीप आली. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दर दगडाला तो देवाचा धावा करत होता. 'स्वर्गाच्या वळणा'वर जीप अशी आदळली, की ताईचा हात करकचून धरत तो किंचाळला,

"इतकी वर्षं राहता इथे, एक धड रस्ता नाही करून घेता आला तुम्हा लोकांना?"