खिशातला कागद

भूगोलाच्या बाईंची सही तेवढी राहिली होती.

गल्लीच्या तोंडाशी बावीस मजली टॉवर येणार होता. हरकतीच्या अर्जावर एकेचाळीस घरांनी सह्या केल्या होत्या आणि तो घेऊन दारोदार फिरत होता लॉन्ड्रीवाला. कारण उघड होतं. दोन दवाखान्यांच्या चादरी त्याच्या गच्चीवर वाळायच्या. गच्चीवरचं ऊन गेलं की धंदा बसलाच.

"बाई, एक सही फक्त," तो दारातूनच म्हणाला.

"तुमच्या कागदावर मला सही करता येणार नाही."

"का बरं?"

"सुनावणीला कळेल. अर्धवट उत्तर द्यायची मला सवय नाही."

शाळा सोडून दहा वर्षं झाली, तरी बाईंचं बोलणं अजून फळ्यासमोरचंच. त्यांनी पुढे केलेलं धुण्याचं बोचकं उचलून तो निमूट जिना उतरला.

"कुठंतरी पाणी मुरतंय," तो बायकोला म्हणाला. "परवा बिल्डरच्या ऑफिसातून बाहेर पडताना बघितलं मी त्यांना. हातात नकाशाची गुंडाळी होती."

"बाईंनी शिकवलंय मला. त्या तसल्या नाहीत."

"काठावर पास केलं म्हणून इतका पुळका?"

बायकोने हातातली ओली चादर त्याच्याच अंगावर झटकली.

बोचकं सोडलं की आधी खिसे बघायचे. वडिलांचा दंडकच होता. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, मधे वाचायचं नाही. वडिलांनी चाळीस वर्षांत कुणाची चिठ्ठी उघडली नव्हती. त्यानेही कधी उघडली नव्हती. बाईंच्या एप्रनच्या खिशात घडी केलेला कागद लागला आणि त्या दिवशी त्याने तो उघडला.

दोन्ही बाजू बारीक अक्षरांनी भरलेल्या. 'लॉन्ड्रीची गच्ची ९.१०, ३.४०. शिलाईवाली ९.३५, २.५०.' पुढे सगळी गल्ली. तारखा घालून, रोजचं, महिनाभराचं.

त्याने कागद पुन्हा वाचला. बाई घड्याळ नि पेन्सिल घेऊन दिवसभर खिडकीत बसायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं त्यांना 'दुर्बीण' म्हणायची. म्हणजे ही पाळत होती तर!

रविवारी लॉन्ड्रीच्या अंगणात सभा भरली. कोपऱ्यात चादरींची भट्टी उकळत होती. त्याने खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"अगं बाई, माझ्या दारावर डोळा?" शिलाईवाली ओरडली. "मी दुपारी झोपते ते पण कळवलं असणार!"

"घरचा भेदी, दुसरं काय," मागून कुणीतरी म्हणालं.

बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "तो कागद माझा आहे. परत द्या," त्या हळू म्हणाल्या.

"कशाला? बिल्डरला नेऊन द्यायला?"

सगळे खदाखदा हसले. लॉन्ड्रीवाल्याला त्या हसण्याने चढली. त्याने कागदाचे चार तुकडे केले आणि उकळत्या भट्टीत टाकले. बाई क्षणभर भट्टीकडे बघत राहिल्या. मग "असू दे" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या रात्री वडिलांचा दंडक त्याला आठवला. वडील असते तर त्यांनी कानाखाली काढली असती. एप्रनला त्याने दोनदा इस्त्री केली, बाईंच्या दाराला लटकवला आणि घंटी न वाजवताच पळून आला. पुढे दोन दिवसांनी जिन्यात बाईच समोर आल्या.

"उद्या बोचकं देते हं," त्या नेहमीसारख्याच म्हणाल्या.

माफी मागायला तो थांबला, पण "बरं बाई" एवढंच म्हणून जिना उतरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "वाचलं ते चुकलंच माझं. लाज वाटते. पण केलं ते गल्लीसाठीच ना?"

बायकोने चादरींची बादली उचलली आणि ती गच्चीवर निघून गेली.

सुनावणीला सगळी गल्ली हजर होती. अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"'सावली पडेल' असं सगळेच म्हणतात. पुरावा कुठाय?"

"साहेब, पुरावा कशाला?" लॉन्ड्रीवाला उठला. "बावीस मजले म्हणजे सावली पडणारच की!"

"असं तोंडी चालत नाही." त्यांनी टेबलावरची एक जाड वही उचलली. "हरकत म्हणावी तर ही. ज्यांनी दिली त्यांची ही स्वतंत्र हरकत आहे. एका माणसाला दोन हरकती घेता येत नाहीत, म्हणून तुमच्या अर्जावर त्यांना सही करता आली नाही. टॉवरची उंची थेट बिल्डरच्या नकाशावरून घेतली आहे. गल्लीत प्रत्येक घरावर ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, त्याची रोजची नोंद आहे. महिन्याला एक पान. हिच्या जोरावर टॉवर आठव्या मजल्यावर थांबवला असता मी."

"असता म्हणजे?"

"पूर्ण वर्षाची नोंद लागते. इथे अकराच महिने आहेत. डिसेंबरात सावली सगळ्यात लांब पडते आणि नेमकं तेच पान नाही. मुदत आज संपली. मला मंजुरी द्यावी लागेल."

लॉन्ड्रीवाला उभाच राहिला. मागे वळून बघायची त्याची छाती होईना. शेवटच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, भूगोलाच्या बाई बसल्या होत्या.

"पान का नाही, तेही लिहून दिलंय त्यांनी," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी वहीची शेवटची ओळ वाचली, "'एक पान माझ्या एप्रनच्या खिशात राहून धुण्यात गेले. चूक माझी आहे, लॉन्ड्रीवाल्याचा दोष नाही.'"