काळी चार

"ताई, एवढ्याच पैशांत मोठा ॲम्प्लिफायर हवा असेल, तर कीबोर्ड साधा घ्या," दुकानदाराने तिसऱ्यांदा सांगितलं. देवळाच्या वर्गणीत दोन्ही बसवायचं होतं. पण साध्या कीबोर्डला मला हवं ते बटण नव्हतं.

बुवा स्टुलावर चुळबुळत होते. चाळीस वर्षं काळी चारच्या उंच पट्टीत कीर्तन करणारा माणूस. गेल्या रामनवमीला ऐन पाळण्यात त्यांचा आवाज चिरकला, तेव्हापासून साथीला बसताना माझा जीव थाऱ्यावर नसतो. पेटीवर माझं बोट जरा खाली सरकलं, की लगेच डोळे वटारतात.

या महागड्या कीबोर्डवर मात्र ते बटण दाबलं, की बोट काळी चारवरच राहतं आणि सूर निघतो खालच्या काळी तीनचा. मी ते बटण गुपचूप दाबलं. "बुवा, माईकवर जरा म्हणून बघा."

बुवांनी पाळणा धरला. वरचा सूर अलगद लागला. दुकानदार हातातली वायर तशीच धरून ऐकत राहिला.

बुवा मध्येच थांबले. "कुंदे, पट्टी उतरवलीस?"

मी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. "चुकलं, बुवा."

"बोट लपवलंस. माझे कान कुठे लपवणार होतीस?"

त्यांनी तोच वरचा सूर पुन्हा एकदा लावून पाहिला. मग दुकानदाराला म्हणाले, "हाच बांधा. ॲम्प्लिफायर लहान द्या, आता ओरडायचं नाहीये."

आणि माझ्याकडे वाकून, "ते बटण कुठलं, दाखवून ठेव. रामनवमीला सगळ्यांसमोर मीच दाबीन."