तिसरा अ‍ॅडाप्टर

डब्याच्या तळाशी, बारकोडच्या खाली, दीड मिलिमीटर उंचीचा एक आकडा छापलेला होता. तीन. आदल्या खेपेच्या डब्यावर त्याच जागी दोन होता. बाकी दोन्ही डबे हुबेहूब: तोच मॉडेल नंबर, तेच चित्र, तीच निळी पट्टी.

तिनं डबा काउंटरवर ठेवला. "हाही नको."

"ताई, तुम्ही सांगितलात तोच नंबर दिलाय," दुकानदार म्हणाला.

"नंबर तोच आहे. आतली चिप बदललीय. मला पहिल्या आवृत्तीचा अ‍ॅडाप्टर हवा. आवृत्ती एक."

"कंपनी बदलते, त्याला मी काय करू? वायफाय लागतंय ना? मग अडलंय कुठे?"

"मला वायफाय लावायचं नाहीये, ऐकायचंय, आणि ते फक्त जुन्या चिपला जमतं. घरातलं कुठलं यंत्र बाहेर काय पाठवतंय ते."

"कुणाच्या घरातलं?"

"माझ्याच."

"असं करा, घरातल्या कुणा माणसाला पाठवून द्या. त्यांना नीट समजावून सांगतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेत ती रक्ताच्या प्रत्येक नळीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय झाकण उघडत नसे. इथे विकणाऱ्यानं आपल्याच डब्याचा तळ एकदाही पाहिला नव्हता.

"खालचा कप्पा उघडा," ती म्हणाली. "जुना माल दाखवा. मी इथून हलणार नाही."

तो पुटपुटत खाली वाकला. पाचवा डबा धुळीनं माखलेला होता. तिनं बोटानं तळ पुसला. एक.

घरी आई जेवणाच्या टेबलाशी पेपर घेऊन बसली होती. "मिळालं एकदाचं? एवढ्याशा काडीसाठी तीन हेलपाटे!"

"तुझा फोन बंद कर."

"का गं?"

"कर तर खरं."

तिनं स्वतःचाही फोन बंद केला. राउटर भावानं बसवला होता आणि त्याचा पासवर्डही त्याच्याचकडे होता. घरात काय काय जोडलंय ते बघायला गेलं की राउटर तो पासवर्ड मागायचा, आणि भाऊ म्हणायचा, "तुला कशाला नसती उठाठेव?" म्हणून हा अ‍ॅडाप्टर. तो पासवर्ड मागत नव्हता. नुसता कान देऊन बसणार होता.

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही फोनच्या ओळी थांबल्या. एकच ओळ हलत राहिली. ती हॉलमधल्या फोटोफ्रेमची होती. भावानं दिलेली फ्रेम. तो त्याच्या शहरातून नातवंडांचे फोटो पाठवायचा आणि इथे ते आपोआप बदलत राहायचे. आई रोज सकाळी तिची काच पुसायची.

"आता हॉलमधून चाल. दारापर्यंत जा आणि परत ये."

"मी काय कवायत करू?"

"आई."

आई चालू लागली. फ्रेममधून बाहेर जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचा आकडा सेकंदाला चारवरून दोनशे दहावर गेला. आई स्वयंपाकघरात शिरली आणि तो पुन्हा चारवर आला. तिनं आईला आणखी दोनदा चालवलं, आणि प्रत्येक वेळचा आकडा पेपरच्या कोऱ्या कडेला लिहिला. दोनशे चार. दोनशे सोळा. शेवटचा आकडा लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"फोटो बाहेरून आत यायला हवेत. ही फ्रेम आतलं बाहेर पाठवतेय. तू समोरून गेलीस की पाठवते, नाही गेलीस की गप्प. तिच्यात कॅमेरा आहे, आई."

आईला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती हळूच खुर्चीत बसली.

"स्टूल," ती म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी आई माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढली होती. संध्याकाळी भावाचा फोन आला. "स्टुलावर चढतेस या वयात? म्हणून म्हणतो, घर विकून टाक आणि इकडे ये." त्या वेळी घरात समोरच्या नर्सबाईंशिवाय कुणी नव्हतं. चुगली त्यांनीच केली, असं आईनं गृहीत धरलं. वीस वर्षांचा शेजार तिनं एका दिवसात तोडला. जिन्यात समोरासमोर आल्या तरी ती मान फिरवायची.

"अगं, स्टूल तिनंच धरलं होतं," आई म्हणाली. "दोन्ही हातांनी. आणि मी तिला दारातून काय काय बोलले!"

मुलगी उठली आणि तिनं फ्रेमच्या वायरला हात घातला.

"थांब. राहू दे चालू."

"चालू? अजून दाखवायचंय त्याला?"

"ऐकू पण जातं का गं त्यातून?"

"जात असणार. काल तू माझ्याशी काय बोललीस ते तो आज सकाळी तुलाच ऐकवत होता ना?"

आईनं खुर्ची ओढत हॉलमध्ये नेली आणि फ्रेमच्या पुढ्यात ठेवली. काचेत धाकटी नात दात पडलेलं तोंड उघडून हसत होती. आईनं नेहमीसारखी काच पुसली नाही. हात मांडीवर ठेवले. टेबलावरच्या लॅपटॉपवर आकडा वर चढत गेला.

"दोन वर्षं मी तुला बघू, बघू म्हणतेय," आई म्हणाली. तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा होता. "आता तूच बघ. मी समोर बसलेय, नीट बघ. हे घर मी विकणार नाही. तुझ्याकडे राहायला येणार नाही. आणि उद्या त्या पेटीसाठी पुन्हा स्टुलावर चढणार आहे. स्टूल कोण धरेल, ते विचारायला मी आत्ता समोरच्या दारात चाललेय."