तिसरी साखळी

सिंदी मेघेच्या घरी, भर दुपारी, नीरजने लॅपटॉप उघडला आणि तो दचकला. पडद्यावर तिसऱ्या नांगर-साखळीवरच्या ताणाचा आकडा दिसत होता.

समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मची नीरजने चालवलेली चाचणी महिन्यापूर्वीच संपली होती. साखळ्या कापून प्लॅटफॉर्म किनाऱ्यावर आणला होता.

तिसरी साखळी तर त्याआधीच तुटली होती. "साहेब, लाटा उतरू द्या, मंग जातो," कारंज्याचा पाणबुड्या श्रावण म्हणाला होता. नीरजने ऐकलं नाही, साखळी जोडायला त्याला खवळलेल्या पाण्यात उतरवलं. श्रावण वर आलाच नाही. चूक श्रावणचीच होती, असं नीरजने अहवालात लिहिलं.

नीरज खुर्चीवरून उठून दारापासून मागे सरकला, तसा आकडा वाढला. दाराकडे गेला, तसा उतरला.

त्याची आई मंदाबाई दारात आली. "काऊन असा मागंपुढं करून राह्यला?"

"काही नाई, आई." तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आता तो हलत नव्हता, तरी आकडा वाढतच गेला.

मंदाबाईची नजर त्याच्या पायांकडे गेली. टाचा फरशीवर घासत दाराकडे सरकत होत्या.

"नीरज," ती हळूच म्हणाली, "तुले कोन ओढून राह्यलं?"